पांढऱ्या डागांच्या आत



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दर वर्षी होतं ते गुरुजी हायस्कुलात शास्त्र शिकवत. म्हणून सुरुवात परीक्षेतल्या एका प्रश्नानं करतो : चेतापेशीची सुबक, नामनिर्देशित आकृती काढा. इथल्या बहुतेकांनी ती कधी ना कधी काढली असेल. एका टोकाला वृक्षिका, मग पेशीकाय, मग लांबलचक अक्षतंतू आणि त्यावर थोड्या थोड्या अंतरानं मायलीनचं आवरण. बाण काढून नावं लिहिली की मार्क पदरात. त्या आकृतीत एक गोष्ट राहून जाते. मेंदूतलं मायलीन चेतापेशीचं नसतंच. ते शेजारच्या दुसऱ्याच एका पेशीचं अंग असतं. ती पेशी आपलं पटल लांबवून त्या तंतूभोवती वेढे घालत जाते. तिचं केंद्रक वेगळं, तिची भूक वेगळी, तिचं मरणही वेगळं. आकृतीत मात्र तिला ना जागा, ना बाण. ती ग्लियल पेशींपैकी एक. आजचं व्याख्यान अशा पेशींबद्दल आहे, आणि ज्या आजारात त्यांचं महत्त्व आम्हां डॉक्टरांना फार उशिरा कळलं त्या आजाराबद्दल आहे.

साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या मेंदूचा एमआरआय काढला की रिपोर्टात तळाशी हमखास एक ओळ येते : स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, फाझेकास ग्रेड एक, किंवा दोन, किंवा तीन. फ्रान्झ फाझेकास हे ऑस्ट्रियाचे मेंदूतज्ज्ञ. एमआरआयवर दिसणाऱ्या पांढऱ्या डागांची ही प्रतवारी त्यांनी 1987 साली सुचवली. शून्य म्हणजे डाग नाहीत, तीन म्हणजे डाग एकमेकांत मिसळून पट्टेच्या पट्टे झालेले. नातेवाईक विचारतात, "हे काय आलंय, डॉक्टर?" उत्तर ठरलेलं : "काही नाही हो, वयाप्रमाणे आहे." ग्रेड एकला हे उत्तर चालून जातं. ग्रेड तीनला ते चालत नाही. मेंदूतल्या लहान रक्तवाहिन्यांचा आजार जगातल्या दर चार-पाच पक्षाघातांपैकी एकाच्या मुळाशी असतो, आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी फार मोठ्या गटात तो एकटा किंवा अल्झायमरच्या जोडीनं हजर असतो.

या आजाराला नाव रक्तवाहिनीचं मिळालं आहे. ते चूक नाही, सुरुवात बहुधा तिथेच होते. पण एमआरआयवर जे पांढरं दिसतं ती रक्तवाहिनी नव्हे. ते ग्लियल पेशींचं दुखणं आहे : कुठे त्यांची सूज, कुठे त्यांचं मरण, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांचं अडून बसणं. यातलं तिसरं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मेलेली पेशी परत आणता येत नाही. अडलेल्या पेशीला निदान वाट मोकळी करून देता येते का, हे विचारता तरी येतं.

आधी रक्तपुरवठ्याची रचना पाहू. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण 15 टक्के वाटा आणि प्राणवायूचा 20 टक्के वाटा तो घेतो. मेंदूच्या पृष्ठभागावर मोठ्या धमन्यांची जाळी आहे, तिथे एक वाट बुजली तर दुसरीकडून थोडंफार रक्त येतं. खोल भागाचं तसं नाही. तळाच्या जाड धमनीतून जवळजवळ काटकोनात, अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक धमन्या सरळ वर शिरतात. त्यांना एकमेकींचा आधार जवळपास नसतो. मोठ्या धमनीतला दाब त्यांच्या तोंडाशी जवळजवळ तसाच येऊन आदळतो, आणि टोकाला, मेंदूच्या नैसर्गिक पोकळ्यांभोवतीच्या पांढऱ्या भागात, म्हणजे मायलीनवेष्टित तंतूंच्या पट्ट्यात, तो अगदी तुटपुंजा उरतो. कालव्याच्या टेलला ज्यांची शेती आहे त्यांना हे समजावून सांगायला नको : आवर्तन सुटल्याची बातमी पेपरात येते, पाणी येतंच असं नाही. पांढऱ्या भागाला मुळातच, पेशीकाय असतात त्या करड्या भागाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकं रक्त मिळतं. त्यात बीपीनं धमनीची भिंत जाड आणि ताठ केली की पहिला फटका याच पट्ट्याला बसतो.

आता थोडा इतिहास. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी 1838 पासून, म्हणजे देशांब्र आणि त्यांच्यानंतर ड्युरां-फार्देल यांनी, वृद्धांच्या मेंदूत खोलवर लहान लहान पोकळ्या पाहिल्या होत्या. 1901 साली पॅरिसजवळच्या बिसेत्रच्या रुग्णालयात पिएर मारी यांनी त्या पोकळ्यांची सांगड रुग्णांच्या लक्षणांशी घातली, विशेषतः त्या छोट्या छोट्या, घासत टाकलेल्या पावलांशी. तिकडे जर्मनीत येना इथे ऑटो बिन्सवांगर यांनी 1894 साली अशा रुग्णांचं वर्णन केलं ज्यांच्यात पोकळ्यांपेक्षा सगळा पांढरा भागच खंगलेला होता. सूक्ष्मदर्शकाखालची बाजू अलॉइस अल्झायमर यांनी 1902 मध्ये पुढे आणली आणि आजाराला बिन्सवांगरांचं नाव दिलं. म्हणजे ज्यांच्या नावानं स्मृतिभ्रंशाचा दुसराच प्रकार घरोघरी पोचला, त्यांचं रक्तवाहिन्यांवरचं काम मात्र अभ्यासकांपुरतंच राहिलं.

या इतिहासातला माझा आवडता माणूस मिलर फिशर. हे कॅनडाचे. दुसऱ्या महायुद्धात नौदलात डॉक्टर होते. 1941 मध्ये जहाज बुडालं, आणि पुढची तीनेक वर्षं जर्मनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत गेली. सुटून आल्यावर ते मेंदूविकाराकडे वळले. बोस्टनमध्ये त्यांनी काय केलं, तर एकामागून एक मेंदू कापले आणि प्रत्येक पोकळीकडे जाणारी धमनी चिकाटीनं शोधली. 1965 च्या त्यांच्या निबंधात 1,042 मेंदूंचा हिशेब आहे. त्यांपैकी 114 मेंदूंत अशा पोकळ्या सापडल्या, आणि त्या 114 पैकी 111 जणांना उच्च रक्तदाब होता. धमनीची भिंत कशी काचेसारखी एकजीव, चरबीनं भरलेली होते आणि शेवटी आतली वाट बुजवते, हे त्यांनी दाखवलं. पुढची चाळीस वर्षं या आजाराची सगळी गोष्ट फिशरच्या चष्म्यातून सांगितली गेली : वाहिनी बंद, पेशी उपाशी, पोकळी तयार. पोकळीपुरतं ते बरोबरच आहे. पांढऱ्या डागांना ते पुरत नाही. तिथे बंद पडलेली धमनी बरेचदा सापडतच नाही.

आता ग्लियाकडे येऊ. बर्लिनच्या रुडॉल्फ फिरशॉ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मेंदूतल्या या द्रव्याला 'न्यूरोग्लिया' हे नाव दिलं. त्यांच्या लेखी ते चेतापेशींना जागच्या जागी धरून ठेवणारं नुसतं भरताड होतं. 1873 साली इटलीत आब्बियातेग्रास्सोच्या रुग्णालयात कामिल्लो गोल्जी यांनी चांदीच्या क्षारानं पेशी काळ्या रंगवण्याची रीत काढली. रुग्णालयाच्या जुन्या स्वयंपाकघरात त्यांनी प्रयोगशाळा थाटली होती. त्यांना दिसलं की काही ताऱ्यासारख्या पेशींचे पाय थेट रक्तवाहिनीवर टेकलेले आहेत. रक्तातून चेतापेशीला पोषण पोचवणाऱ्या या पेशी असाव्यात, असा त्यांचा कयास होता. सव्वाशे वर्षं तो कयास कुणी फारसा मनावर घेतला नाही.

गोल्जींचे प्रतिस्पर्धी सांतियागो रामोन इ काहाल. 1906 चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, आणि व्यासपीठावरही दोघांचं पटलं नाही. 1913 मध्ये काहाल यांनी सोन्याच्या क्षारानं या तारापेशी, म्हणजे अॅस्ट्रोसाइट, लख्ख रंगवून दाखवल्या. त्यांच्या पद्धतीनं काही बारीक पेशी मात्र नुसते ठिपके म्हणून उरत. काहाल त्यांना 'तिसरा घटक' म्हणून बाजूला ठेवत. त्यांचेच सहकारी पीओ देल रीओ-ओर्तेगा यांनी चांदीची नवी रीत वापरून 1919 मध्ये दाखवलं की हा एक घटक नव्हे, दोन आहेत. एक चपळ, भक्षक वृत्तीची मायक्रोग्लिया. दुसरी मायलीनला जन्म देणारी, आखूड फांद्यांची ऑलिगोडेंड्रोग्लिया, जिला त्यांनी 1921 मध्ये नाव दिलं. गुरूला हे रुचलं नाही. 1920 मध्ये ओर्तेगांना काहाल यांच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडावं लागलं. 1924 मध्ये कॅनडातल्या मेंदूच्या शस्त्रक्रियेला पुढे नावारूपाला आणणारे वाइल्डर पेनफिल्ड मुद्दाम माद्रिदला जाऊन ओर्तेगांची रीत शिकले आणि त्यांचं म्हणणं खरं असल्याची ग्वाही त्यांनी दिली, तेव्हा वाद निवळू लागला. स्पेनच्या यादवीत ओर्तेगांनी देश सोडला आणि 1945 साली ते ब्युनोस आयर्समध्ये वारले. आज ग्लियावरचा एकही निबंध त्यांनी दिलेल्या नावांवाचून लिहिता येत नाही. नोबेल त्यांना मिळालं नाही.

एक लोकप्रिय आकडा इथेच खोडून काढतो. मेंदूत ग्लियल पेशी चेतापेशींच्या दहापट असतात, असं तुम्ही वाचलं असेल. ब्राझीलमधल्या सुझाना एर्कुलानो-हुझेल आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये मेंदूचा लगदा करून त्यातली केंद्रकं मोजली. चेतापेशी निघाल्या सुमारे 86 अब्ज, आणि इतर सगळ्या पेशी मिळून जवळपास तितक्याच. ग्लियाचं महत्त्व पटवायला खोट्या बहुमताची गरज नाही.

मुंबईत शिकत असताना पॅथॉलॉजीच्या एका मॅडमनी मला एक काचपट्टी हातात दिली आणि म्हणाल्या, "भिंगाखाली घालू नकोस. आधी नुसत्या डोळ्यांनी बघ." मायलीनला निळं रंगवणारा लक्झॉल फास्ट ब्लू नावाचा रंग आहे. ती पट्टी त्या रंगाची होती. निरोगी पांढरा भाग त्यात गडद निळा दिसतो. इथे मेंदूच्या नैसर्गिक पोकळीभोवती निळा रंग विटून गेला होता. फिकेपणाला कुठे ठाम कडा नव्हती. नवख्याला वाटावं, रंगच नीट बसला नाही. आणि पृष्ठभागाच्या अगदी खालचा अरुंद पट्टा, जवळच्या दोन वळ्या जोडणारे आखूड तंतू जिथून जातात, तो मात्र जसाच्या तसा निळा. मग भिंग. फिक्या जागेच्या मधोमध एक बारीक धमनी, भिंत जाड, गुलाबी, एकजिनसी. आतली वाट मात्र उघडी होती. धमनीभोवतीची मोकळी जागा रुंदावलेली. आसपासच्या तारापेशी फुगून गुबगुबीत झालेल्या. निळे तंतू विरळ, त्यांच्यामध्ये पाणी भरल्यासारखी जाळी. मृत पेशींचा ढीग मी शोधत होतो. तो नव्हता. "रक्त बंद नव्हतं तर मग हे कशानं झालं?" असं मी विचारलं, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "तेच तर कुणाला माहीत नाही."

त्या उत्तराची एक बाजू आता बरीच उलगडली आहे, आणि ती ऑलिगोडेंड्रोसाइटपासून सुरू होते. मघाशी आकृतीत जिला बाण नव्हता, ती हीच. एक ऑलिगोडेंड्रोसाइट चाळीस-पन्नास तंतुखंडांना वेढे घालू शकते. त्यासाठी लागणारं पटल तिच्या स्वतःच्या देहाच्या अनेक पट असतं. मेंदूतल्या पेशींत लोहाचा सर्वाधिक साठा तिच्याकडे, ऊर्जेचा खर्च प्रचंड, आणि ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापुढे टिकाव धरण्याची ताकद मात्र बेताची. शिवाय ती नुसतं आवरण घालून थांबत नाही. आपल्याकडचं लॅक्टेट ती खालच्या तंतूला देत राहते, हे 2012 मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं. म्हणजे ती रुसली तर तंतूची चाल मंदावतेच, त्याचं पोटही तुटतं. कोपनहेगनच्या संशोधकांनी 2003 मध्ये मोजलं होतं की विशीतल्या पुरुषाच्या मेंदूत मायलीनवेष्टित तंतूंची एकूण लांबी सुमारे 1,76,000 किलोमीटर असते, आणि ऐंशीपर्यंत त्यातली 45 टक्क्यांच्या आसपास उणावते. इतक्या पसाऱ्याची देखभाल ही पेशी करते, तीही रक्ताच्या सर्वांत तुटपुंज्या पुरवठ्यावर.

जुन्या ऑलिगोडेंड्रोसाइट गळून पडल्या तर नव्या घडवण्याची सोय मेंदूत आयुष्यभर असते. कच्च्या, अर्धवट वाढीच्या पूर्वपेशी पांढऱ्या भागात सगळीकडे पसरलेल्या असतात. आजारी जागेत त्या कमी असाव्यात, असं वाटेल. पण डागांच्या जागी त्या असतात, बरेचदा दाटीनं असतात, फक्त पक्व होत नाहीत. मघाशी अडून बसणं म्हटलं ते हे.

कशानं अडतात? एडिंबरा इथल्या अॅना विल्यम्स आणि जोआना वॉर्डलॉ यांच्या गटाचं 2018 मधलं काम मला या विषयातलं वळण वाटतं. त्यांनी वापरले ते उंदीर जपानमध्ये क्योटोत मुद्दाम पैदा केलेल्या वाणाचे. या वाणाचं बीपी आपोआप वाढतं आणि पुढे पक्षाघात होतो. अर्थात सगळे म्हणणार, बीपी वाढलं म्हणून मेंदू बिघडला. या गटानं तीन-चार आठवड्यांची पिलं तपासली, बीपी वाढायच्या आधीची. त्यांच्या मेंदूत रक्तवाहिनीचं आतलं अस्तर आधीच बिघडलेलं होतं, आणि ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वपेशी आधीच खोळंबल्या होत्या. अस्तराच्या पेशी वेगळ्या वाढवून त्यांनी सोडलेलं द्रव कच्च्या ग्लियल पेशींवर घातलं, तर तिथेही पेशी पक्व होईनात. त्या द्रवातला अपराधी निघाला एक प्रथिन, एचएसपी90 अल्फा. अस्तर ठीकठाक करणारी औषधं दिल्यावर खोळंबा सुटला. म्हणजे इथे पेशी उपासमारीनं मेल्या नव्हत्या. वाहिनी बुजलीही नव्हती. वाहिनीच्या अस्तराकडून शेजारच्या ग्लियल पेशीला चुकीचा रासायनिक निरोप जात होता. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि उंदरात पांढरा भाग मुळात फार थोडा, हे मी विसरलेलो नाही. तरी त्या मॅडमच्या पट्टीवर धमनीची वाट उघडी का होती, याचं मला पटलेलं हे पहिलं स्पष्टीकरण.

अस्तर बिघडलं की ते पाझरूही लागतं. रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन हे मोठं प्रथिन निरोगी मेंदूत शिरत नाही. पाझरलेल्या भिंतीतून ते शिरतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कातेरिना अकासोग्लू यांच्या गटानं 2017 मध्ये दाखवलं की हे फायब्रिनोजेनसुद्धा पूर्वपेशींना पक्व होऊ देत नाही. त्याच फायब्रिनोजेनच्या वासावर मायक्रोग्लिया चवताळते. या पेशी मेंदूत जन्मत नाहीत. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत पीतककोशातून त्या मेंदूत येऊन वसतात. 2005 साली जिवंत उंदराच्या मेंदूत डोकावून पाहिलं तेव्हा कळलं की शांत असतानाही त्यांच्या फांद्या सतत हलतात, चाचपडत फिरतात. केशवाहिनीला बारीक इजा झाली तर त्या काही मिनिटांत जाऊन भोक बुजवतात. पण पाझर वर्षानुवर्षं चालू राहिला की त्याच पेशी दाहक द्रव्यं सोडत राहतात आणि मायलीन कुरतडतात. मायक्रोग्लियाला खलनायक ठरवणाऱ्या बातम्या अधूनमधून येतात. दाह दाबणाऱ्या औषधांनी हा आजार आटोक्यात येईल, असं मानायला मला अजून पुरेसा पुरावा दिसत नाही.

तारापेशींबद्दल जरा सावकाश बोलायला हवं. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या बाहेरच्या पृष्ठभागाचा जवळजवळ सगळा भाग अॅस्ट्रोसाइटच्या पावलांनी झाकलेला असतो. माणसाची तारापेशी उंदराच्या तारापेशीहून व्यासानं अडीचपट मोठी, आणि एकटीच्या कक्षेत लाखो चेतासंधी येतात. चेतापेशी कामाला लागल्या की ही खबर पावलांमार्फत वाहिनीला जाते आणि वाहिनी रुंदावते. गोल्जींचा कयास इतक्या वर्षांनी खरा ठरला, जरा वेगळ्या रूपात. या पावलांच्या वाहिनीकडच्या बाजूला पाण्याची सूक्ष्म दारं दाटीनं बसवलेली असतात, अॅक्वापोरिन-4 नावाची. पाण्याच्या अशा दारांच्या शोधासाठी पीटर अग्रे यांना 2003 चं नोबेल मिळालं. लहान वाहिन्यांच्या आजारात ही दारं जागेवरून हलतात, पावलांवरून निसटून पेशीच्या अंगभर पसरतात. मग पाणी साचतं. एमआरआयवरचा पांढरा रंग म्हणजे मुख्यतः जास्तीचं पाणी आणि कमी झालेलं मायलीन, हे लक्षात घेतलं तर डाग कधी कमी का होतात ते समजतं. पुढच्या पायरीला तारापेशीची फांदी मण्यामण्यांत तुटते आणि पाऊल वाहिनीपासून सुटून येतं. अल्झायमर आणि काहाल या दोघांनीही हे तुटणं पाहिलं होतं. पक्षाघातानंतर स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या मेंदूत न्यूकॅसलच्या अभ्यासकांना 2016 मध्ये ते ठळकपणे सापडलं.

याच पावलांमधून मेंदूचा कचरा धुतला जातो, असा सिद्धांत 2012 मध्ये मायकेन नेदरगार्ड यांच्या गटानं मांडला. झोपेत ही धुलाई वाढते, हे त्यांनीच पुढच्या वर्षी सांगितलं, आणि 'नीट झोपा, मेंदू धुऊन निघेल' असे लेख मराठीतही आले. 2024 मध्ये लंडनच्या एका गटाला मोजमाप नेमकं उलटं मिळालं. वाद मिटलेला नाही. झोप घ्याच, पण धुलाईची जाहिरात जरा जपून वाचा.

सगळा दोष ग्लियावर ढकलला की मांडणी सुटसुटीत होते, पण ती खरी राहत नाही. याचा पुरावा काडासिल नावाच्या आनुवंशिक आजारात आहे. पॅरिसमध्ये मारी-जर्मेन बूसेर यांनी सत्तरच्या दशकात असा एक रुग्ण पाहिला, आणि त्याच्या कुटुंबातून धागा पकडत 1996 मध्ये नॉच3 हे जनुक सापडलं. हे जनुक वाहिनीच्या स्नायुपेशींत काम करतं, ग्लियामध्ये नव्हे. तरीही रुग्णांच्या एमआरआयवर तेच पांढरे डाग, ऐन चाळिशीत. दोष भिंतीत, दुखणं शेजारी. 2016 मध्ये जनुकांचे मोठे संच तपासले तेव्हा या जनुकातले काडासिल घडवणाऱ्या जातीचे बदल हजारात तीन-चार लोकांत आढळले, आणि दक्षिण आशियाई लोकांत त्याहून जास्त. त्यातल्या पुष्कळांना आजार सौम्य असतो किंवा उशिरा होतो. अर्धशिशी, लवकर आलेला पक्षाघात आणि वडील किंवा आईकडे तसाच इतिहास असेल, तर डॉक्टरांना हे नाव जरूर विचारा.

घरात हा आजार कसा दिसतो, ते सांगतो. एक निवृत्त तलाठी ओपीडीत आले होते. बायको म्हणाली, "हल्ली हे बोलतच नाहीत. पेपर हातात धरतात, पान उलटत नाहीत. आळशी झालेत नुसते." मी कागदावर एक ते आठ आकडे आणि अ ते ऐ अक्षरं विखरून लिहिली आणि म्हटलं, "काका, आधी आकडा, मग अक्षर, मग पुढचा आकडा, असं जोडत जा." एक, अ, दोन, आ, तीन, आणि मग थेट चार. पेन्सिल थांबली. "चुकलं ना?" त्यांनीच विचारलं. चूक कळत होती, वळण घेता येत नव्हतं. मघाशी सांगितलेले तीन शब्द आपणहून आठवेनात, पण "एक फळ होतं" म्हटल्यावर "पेरू" झटकन आला. अल्झायमरमध्ये अशी खूण दिल्यावरही बरेचदा काही हाती लागत नाही. जायला उठले तेव्हा वळायला पाच-सहा पावलं लागली, तळवे फरशीवरून सुटत नव्हते. लघवीची घाई होते का, विचारल्यावर काकूंनीच मान हलवली. काका आळशी झाले नव्हते. मेंदूचा पुढचा भाग आणि खोल भाग यांना जोडणारे तंतू त्यांच्या बाबतीत मंदावले होते. एमआरआयवर ग्रेड तीन. लकवा त्यांना कधी मारला नव्हता. बीपीची गोळी मात्र त्यांनी "आता बरं वाटतंय" म्हणून दोनेक वर्षांपूर्वी सोडली होती.

बीपीच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे. अमेरिकेतल्या स्प्रिंट चाचणीत 9,361 लोक होते. वरचा आकडा 120 च्या खाली ठेवलेल्यांची तुलना 140 च्या खाली ठेवलेल्यांशी केली. 2019 मध्ये आलेल्या निकालात पहिल्या गटात सौम्य बौद्धिक घसरण कमी झाली. स्मृतिभ्रंशही थोडा कमी दिसला, पण तो फरक योगायोगाच्या मर्यादेबाहेर गेला नाही. चारेक वर्षांत पांढऱ्या डागांची वाढ पहिल्या गटात 0.92 घन सेंटिमीटर, दुसऱ्यात 1.45. फरक छोटा वाटेल. ज्या पट्ट्यात ही वाढ होते तो किती अरुंद आहे, ते पाहा. आपल्याकडे उच्च रक्तदाबाच्या सरकारी कार्यक्रमाचा विस्तार 2017-18 पासून झाला, सुरुवातीच्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. ती महिनोन्महिने चालू ठेवणं, हेच सर्वांत अवघड जातं.

नेदरलंड्समधल्या नायमेखेन इथे 2006 पासून सुमारे पाचशे लोकांचे एमआरआय ठरावीक वर्षांनी काढले जात आहेत. बहुतेकांचे डाग वाढतात, वयाबरोबर वेगही वाढतो. पण काहींच्या मेंदूत काही डाग आक्रसले. पोकळी आक्रसत नाही. पाणी ओसरू शकतं, अडलेली पूर्वपेशी पक्व होऊ शकते.

अस्तर सुधारण्याच्या विचारातून ब्रिटनमध्ये लासी-2 ही चाचणी झाली. 363 रुग्ण, दोन जुनी औषधं : पायांच्या रक्तवाहिन्यांसाठी दिलं जाणारं सिलोस्टॅझॉल, आणि छातीतल्या कळेसाठी दिलं जाणारं आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट. दोन्ही आपल्याकडच्या औषध दुकानांत मिळतात. 2023 मध्ये निकाल आला. औषधं लोकांना सोसतात हे ठरलं, आणि दोन्ही एकत्र घेणाऱ्यांची अवस्था थोडी बरी राहिल्याचं दिसलं. पण चाचणी इतकी लहान होती की त्यावरून चिठ्ठी लिहून देणं योग्य नाही. इथल्या कुणी उद्या दुकानातून ती आणून घेऊ नयेत. सिलोस्टॅझॉल हृदय दुर्बळ असलेल्यांना घातक ठरू शकतं.

मोठ्या चाचण्यांत काय मोजायचं, याबद्दल माझं एक मत आहे आणि ते सर्वमान्य नाही. आजवर बहुतेक ठिकाणी 'पुढचा पक्षाघात' मोजला गेला. तो वाहिनी बुजल्याचा हिशेब झाला. अडलेल्या ग्लियल पेशी सुटल्या की नाही, हे त्यातून कळणार नाही. ते कळेल चालण्याच्या वेगातून, आकडा-अक्षर जोडायला लागणाऱ्या सेकंदांतून, आणि मायलीनमधलं पाणी वेगळं मोजणाऱ्या एमआरआयच्या नव्या पद्धतींतून. पहिल्या दोन गोष्टींना एक घड्याळ, एक पेन्सिल आणि चार मीटर मोकळी जागा लागते. त्या तालुक्याच्या रुग्णालयातही मोजता येतात, आणि बीपीच्या वहीत दर भेटीला त्यांच्यासाठी दोन रकाने वाढवायला कुणाची हरकत असू नये.